वेचणीची वही आणि पहिले ॲप: धुळे जिल्ह्यातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण धुळे जिल्ह्यातील तापीकाठच्या एका गावातील विद्यार्थिनीचे आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, महाविद्यालय आणि कुटुंब यांची नावे दिलेली नाहीत. २०२४ च्या पावसाळ्यात ती संगणकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिच्या प्रकल्पाचे मार्गदर्शन माझ्याकडे होते. घरी सात एकर बागायती कापूस, शेतात आई-वडील दोघेही राबणारे, आणि वापरायला एक जुना, दुसऱ्या हातचा लॅपटॉप, ज्यात ४ जीबी रॅम आणि फिरत्या चकतीची हार्ड डिस्क होती.

मोबाइल ॲप बनवायला शिकण्याचा तिचा प्रयत्न त्याआधी वर्षभर चालू होता. महाविद्यालयात जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवली गेल्यामुळे तिने सुरुवात जावाने केली, मग एका व्हिडिओत ‘आता कोटलिनच शिका’ असे या दुसऱ्या भाषेबद्दल ऐकून ते अर्धवट सोडले, पुढे फ्लटर घेतले आणि त्यानंतर रिॲक्ट नेटिव्ह, ही अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी ॲप बनवण्याची साधने. प्रत्येक ठिकाणी कामांच्या यादीचे तेच छोटे ॲप तिने नव्याने बनवले. तिला काहीच येत नव्हते असे नाही, पण जे येत होते ते दाखवण्याच्या जागेपर्यंत कधी पोहोचलेच नव्हते.

या धरसोडीला केवळ तिचा स्वभाव कारणीभूत होता असे मला वाटत नाही. अँड्रॉइडसाठी कोटलिनला अधिकृत पाठिंबा २०१७ मध्ये मिळाला, २०१९ मध्ये गूगलने कोटलिनला अग्रक्रम दिला आणि पडदा मांडण्याच्या जेटपॅक कंपोज या नव्या पद्धतीची पहिली स्थिर आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली. नेटवर शोधणाऱ्या नवशिक्यासमोर या तिन्ही काळांतले धडे एकाच यादीत येतात. त्यामुळे पडदा कंपोजमध्ये, पडद्यामागचे काम अँड्रॉइडच्या असिंकटास्क या जुन्या पद्धतीने, आणि माहितीची साठवण आणखी तिसऱ्याच पद्धतीने, अशी खिचडी तिच्या कोडमध्ये झाली होती. असिंकटास्क तर २०२० मध्येच अँड्रॉइड ११ बरोबर कालबाह्य ठरवले गेले होते, हे तिला सांगणारे कोणी भेटले नव्हते.

अडचण

तिच्या दृष्टीने अडचण लॅपटॉपची होती. ॲप बनवण्याचे अँड्रॉइड स्टुडिओ हे सॉफ्टवेअर उघडायलाच इतका वेळ लागे की एवढ्यात चहा पिऊन होई, आणि एमुलेटर, म्हणजे लॅपटॉपवरचा आभासी फोन, सुरू केला की सगळेच थांबे. ही तक्रार खोटी नव्हती, कारण अँड्रॉइड स्टुडिओसाठी किमान ८ जीबी रॅम लागते असे गूगलच सांगते.

खरी अडचण मात्र तिच्या प्रकल्पाच्या प्रस्तावात होती. शेतकऱ्याला लागणारे सर्व काही एकाच ॲपमध्ये द्यायचे, असा तो प्रस्ताव होता: बाजारभाव, हवामान, खत-औषधांचा सल्ला, शेतकऱ्यांच्या आपसांतल्या गप्पा आणि या सगळ्याच्या आधी मोबाइल नंबर घेऊन लॉगिन. प्रत्यक्षात तयार झाले होते ते एक देखणे स्वागताचे पान, लॉगिनचे पान आणि आठ रंगीत चौकोनांचे मुख्य पान. कोणताही चौकोन दाबला की ‘लवकरच येत आहे’ अशी पाटी दिसे.

प्रत्येक चौकोनामागे काय उभे करावे लागेल याची आम्ही एका बैठकीत मांडणी केली. बाजारभाव दाखवायचा तर तो रोज, वेळेवर आणि खात्रीचा मिळाला पाहिजे, कारण चुकीचा भाव वाचून एखाद्याने भाड्याच्या गाडीत कापूस भरून बाजार समितीत नेला तर त्याचा भुर्दंड त्याला बसतो. औषधांच्या सल्ल्यात त्याहून मोठी जबाबदारी आहे. ही कामे संस्थांची आहेत. हातात असलेल्या काही महिन्यांत एकट्या विद्यार्थ्याने ती पेलण्याचा प्रश्नच नव्हता, आणि पेलली असती तरी चांगले ॲप कसे बनते हे त्यातून कळले नसते, कारण सगळा वेळ माहिती गोळा करण्यातच गेला असता.

पर्याय आणि निर्णय

पहिला निर्णय विषयाचा होता. प्रस्ताव तसाच ठेवून एक-दोन चौकोन कसेबसे भरायचे, महाविद्यालयात दरवर्षी होतो तसा ग्रंथालयाचा किंवा हजेरीचा तयार प्रकल्प घ्यायचा, किंवा विषय पुन्हा शोधायचा, असे मार्ग होते. दुसऱ्या मार्गात गुण हमखास होते आणि तिचा कल तिकडेच होता. मी तिला एवढेच विचारले की तुमच्या घरात आज कागदावर काय लिहिले जाते. उत्तरात किराणाची वही निघाली, पाण्याच्या पाळीचा कागद निघाला आणि शेवटी वेचणीची वही.

खानदेशात कापसाची वेचणी किलोच्या दराने होते. या कुटुंबाकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून मुकादमाबरोबर पंधराएक मजुरांची टोळी येते, त्यात बहुतेक बाया. दिवसातून दोनदा, दुपारी आणि संध्याकाळी, प्रत्येकीचे गाठोडे टांगत्या काट्यावर चढते, वडील आकडा वाचतात आणि आई वहीत लिहिते. आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकीचे किलो जुळवून, दराने गुणून, उचल वजा करून मजुरी द्यायची असते. म्हणजे आठवड्याला पावणेदोनशेच्या आसपास नोंदी, आणि त्यांची बेरीज कंदिलाच्या नाही तरी बल्बच्या उजेडात, थकलेल्या डोक्याने. चूक झाली की ती मजुराच्या पोटावर किंवा मालकाच्या खिशावर बसते, आणि दोन्हीकडून वाद ठरलेला.

ॲपसाठी हा विषय मला दोन कारणांनी योग्य वाटला. लागणारी सगळी माहिती वापरणाऱ्याच्याच हातात होती, बाहेरून काहीही आणायचे नव्हते. दुसरे असे की हंगाम दसऱ्याला सुरू होऊन जानेवारीत संपणार होता, त्यामुळे ‘नंतर करू’ म्हणायला जागा नव्हती. तिला मात्र विषय फारच लहान वाटला. परीक्षक ‘एवढेच?’ म्हणतील, ही तिची भीती शेवटपर्यंत पूर्णपणे गेली नाही.

दुसरा निर्णय साधनांचा होता. ठोकळे जोडून ॲप बनवण्याचे एमआयटीचे ॲप इन्व्हेंटर ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवरही निभले असते. पण नोंदी वाढल्यावर, दुरुस्त्या आणि आठवड्याचे हिशेब आल्यावर ठोकळ्यांचे जाळे आवरणे कठीण जाते, आणि पुढे नोकरीसाठी जे शिकायचे ते निराळेच राहिले असते. वेबपान बनवून ते फोनवर ठेवण्याचा मार्गही तिने तपासला. शेतात रेंज नसते, तेव्हा पान ऑफलाइन चालवण्याची वेगळी व्यवस्था लागली असती, आणि ब्राउझरमधील साठवण कोणी ‘डेटा साफ करा’ म्हटले की जाते, हा धोका हिशेबाच्या वहीला परवडणारा नव्हता. फ्लटर तिला थोडे येत होते आणि कोड बदलताच पडद्यावर फरक दिसण्याची सोय तिला आवडतही होती. परंतु अँड्रॉइडसाठी फ्लटरचे ॲप बांधतानाही मागे अँड्रॉइड स्टुडिओ वापरतो तेच ग्रेडल हे बांधणीचे साधन चालते, त्यामुळे लॅपटॉपचा प्रश्न सुटत नव्हता. आयफोनसाठीही तेच ॲप बनवता येते हा त्याचा मोठा फायदा या टोळीच्या आणि या गावाच्या संदर्भात निरर्थक होता.

शेवटी कोटलिन आणि कंपोज ठरले. जावा येत असल्याने कोटलिन परके वाटणार नव्हते, आणि ‘अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोज’ हा गूगलचा विनामूल्य अभ्यासक्रम सुरुवातीपासून एकाच पद्धतीने शिकवतो. हंगाम संपेपर्यंत दुसरे कोणतेही साधन उघडायचे नाही, असे तिने स्वतःहून ठरवले. माझ्या मते या प्रकरणात साधनांची निवड जितकी महत्त्वाची ठरली त्याहून ही अट अधिक महत्त्वाची ठरली. फ्लटर निवडून तीच अट पाळली असती तरी फार वेगळे घडले नसते.

एमुलेटरचा प्रश्न त्याच आठवड्यात मिटला. फोनच्या माहितीत जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी दिली की डेव्हलपर पर्याय उघडतात, त्यात यूएसबी डिबगिंग चालू केले की ॲप थेट स्वतःच्या फोनवर चालवता येते. वर्षभर व्हिडिओ पाहूनही हे तिच्या नजरेतून निसटले होते.

कृती: दसरा ते दिवाळी

पहिली आवृत्ती दसऱ्याच्या सुमारास आईच्या फोनवर गेली. इथेच पहिली गोष्ट उघड झाली. ॲप वडिलांना डोळ्यांसमोर ठेवून बनवले होते, पण वही आई लिहीत होती. नाव निवडा, तारीख निवडा, वजन लिहा, दर लिहा, जतन करा, अशी पाच पावले एका गाठोड्याला लागत. समोर पंधरा जणींची रांग, मावळता उजेड, कापसाने खरखरीत झालेली बोटे आणि ‘आज कितला किलो व्हयनात?’ असा प्रत्येकीचा प्रश्न, यांत आईने तिसऱ्या गाठोड्याला फोन बाजूला ठेवला आणि वही उघडली.

विद्यार्थिनीने त्यानंतर जे केले ते मला या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे पाऊल वाटते. तिने त्या आठवड्यात कोड लिहिला नाही. रोज काट्याजवळ बसून आई कशी लिहिते हे पाहिले. आई तारीख पानाच्या माथ्यावर एकदाच लिहीत होती, दर तर लिहीतच नव्हती, आणि नावे रोज त्याच क्रमाने होती. त्यावरून पडदा पुन्हा मांडला गेला: सगळ्यांची नावे एकाच पानावर आईच्या क्रमाने, नावावर बोट ठेवले की मोठ्या अंकांची पाटी, आकडा आणि ‘नोंद करा’. तारीख फोन स्वतः घेईल, दर सेटिंगमध्ये एकदाच. नोंद झाली की त्या बाईचे दिवसाचे एकूण किलो पडद्यावर ठळक दिसतील, म्हणजे विचारणारीला फोन फिरवून दाखवता येईल. बटण किमान ४८ डीपी (अँड्रॉइडचे पडद्यावरील मापाचे एकक) उंचीचे असावे या नेहमीच्या शिफारशीहून तिने बटणे बरीच मोठी ठेवली.

दुसरा दोष अधिक शिकवणारा होता. नोंद दुरुस्त करायला उघडली आणि काही न बदलता परत जतन केली, तरी ॲप बंद पडे, पण फक्त आईच्या फोनवर. विद्यार्थिनीच्या फोनवर तेच ॲप व्यवस्थित चाले. दोन संध्याकाळी अंदाज बांधण्यात गेल्यावर आईचा फोन लॅपटॉपला जोडून लॉगकॅट, म्हणजे ॲप चालताना फोन करत असलेल्या नोंदी, वाचले, तेव्हा कारण सापडले. आईच्या फोनची भाषा मराठी होती. दुरुस्तीच्या चौकटीत जुने वजन भरताना वापरलेली स्ट्रिंग फॉरमॅटची पद्धत फोनच्या भाषेप्रमाणे अंक लिहिते, म्हणून चौकटीत ‘३८.५०’ असे देवनागरी अंक येत होते, आणि जतन करताना त्यांचे दशांश संख्येत रूपांतर करणारे टूडबल हे फंक्शन देवनागरी अंक ओळखत नाही. गंमत अशी की पूर्णांकासाठीचे टूइंट ते ओळखते, त्यामुळे हाच दोष उचलीच्या रकमेत दिसला नव्हता. पडद्यावर दाखवायचे अंक वापरणाऱ्याच्या भाषेत आणि साठवायचे किंवा वाचायचे अंक भाषानिरपेक्ष रूपात, हा फरक तिने तेव्हा केला. मराठी वापरकर्त्यांसाठी ॲप बनवणाऱ्याने स्वतःच्या फोनची भाषा एकदा तरी मराठी करून पाहावी, हे इतके साधे असूनही मला फार थोडे विद्यार्थी तसे करताना दिसतात.

त्याच निमित्ताने वजन दशांश संख्येत ठेवण्याची पद्धतही बदलली. संगणकातील दशांश बेरजेत ०.१ आणि ०.२ मिळून नेमके ०.३ होत नाहीत. शेकडो नोंदींच्या बेरजेत ही घट-वाढ सहसा पैशाच्याही खाली राहते, पण पूर्णांक करताना कधीतरी एखादा रुपया इकडचा तिकडे होऊ शकतो. म्हणून वजन ग्रॅममध्ये आणि पैसे पैशांमध्ये, दोन्ही पूर्णांकांत ठेवले: ३८.५ किलो म्हणजे ३८५०० ग्रॅम, आठ रुपये दर म्हणजे ८०० पैसे.

बाकीचे दोष भराभर निघाले आणि भराभर मिटले. आकडा अर्धा टाकलेला असताना फोन आडवा झाला की चौकट रिकामी होई, कारण पडदा फिरल्यावर अँड्रॉइड ॲक्टिव्हिटी, म्हणजे चालू पडद्यामागचा भाग, मोडून नव्याने उभी करते आणि नुसते रिमेंबर हे कंपोजचे फंक्शन वापरले असेल तर त्यातील मजकूर टिकत नाही. रिमेंबरसेव्हेबल वापरून ते मिटले. कमी मेमरीच्या फोनवर मधेच कॉल आला तर मागे गेलेले ॲप पूर्ण बंदही केले जाऊ शकते, म्हणून ‘नोंद करा’ दाबताच नोंद थेट रूम या फोनवरच माहिती साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये लिहिली जाईल अशी व्यवस्था झाली. आईच्या फोनवर अक्षरांचा आकार सर्वांत मोठा ठेवलेला असल्याने ठरावीक उंचीच्या बटणांवर मात्रा-वेलांट्या कापल्या जात होत्या. तिथली बांधीव उंची काढून टाकली.

पहिल्या आठवड्याच्या हिशेबात एका बाईने एका दिवसात ९१ किलो कापूस वेचल्याचे दिसले, तेव्हा सगळेच हसले, कारण टोळीतली सर्वांत चपळ बाईही साठच्या पुढे क्वचित जाते. टोळीत त्याच नावाच्या दोघी होत्या आणि ॲपने नावालाच ओळख मानले होते. वहीत आई एकीपुढे तिच्या पाड्याचे नाव लिहीत असे. प्रत्येक मजुराला स्वतंत्र क्रमांक देणे हा डेटाबेसच्या पुस्तकातील पहिलाच धडा विद्यार्थिनीने परीक्षेत अनेकदा लिहिला होता.

दिवाळीनंतरचे दोन प्रसंग

दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉपमध्ये रॅम वाढवली, एसएसडी बसवली आणि जुनी डिस्क साफ करून फोटो ठेवण्यासाठी घेतली. काम वेगाने होऊ लागले, पण पहिलीच सुधारित आवृत्ती आईच्या फोनवर बसेना. कारण सहीचे होते. प्रत्येक अँड्रॉइड ॲपवर बनवणाऱ्याच्या किल्लीची सही असते आणि जुन्या ॲपवर नवे बसवताना दोन्ही सह्या जुळाव्या लागतात. आतापर्यंतचे ॲप स्टुडिओने आपोआप बनवलेल्या डिबग (चाचणीपुरत्या) किल्लीने सही केलेले होते, ती किल्ली जुन्या डिस्कबरोबर गेली आणि नव्या डिस्कवर स्टुडिओने दुसरीच बनवली. जुने ॲप काढून टाकले तर नवे बसले असते, पण त्याबरोबर तीन आठवड्यांच्या नोंदीही गेल्या असत्या.

इथे तीन मार्ग होते. वहीतून सगळे पुन्हा भरायचे (वही सुदैवाने समांतर चालूच होती), हंगाम जुन्याच आवृत्तीवर काढायचा, किंवा फोनमधून डेटाबेस बाहेर काढायचा. आवृत्ती डिबगची असल्यामुळे तिसरा मार्ग खुला होता: स्टुडिओच्या डिव्हाइस एक्सप्लोररमधून अशा ॲपच्या आतील फायली उतरवता येतात. पहिल्या वेळी तिने फक्त मुख्य फाइल उतरवली आणि शेवटच्या दोन दिवसांच्या नोंदी त्यात नव्हत्या. रूम ताज्या नोंदी आधी शेजारच्या ‘वॉल’ नावाच्या फाइलमध्ये लिहिते, तीही बरोबर घ्यावी लागते हे कळल्यावर हिशेब वहीशी जुळला. मग तिने स्वतःची कायमची किल्ली बनवली, तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या आणि ॲपमध्ये नोंदी साध्या फाइलमध्ये काढण्याची व परत भरण्याची सोय केली. ही सोय आधी यादीत शेवटी होती.

दुसरा प्रसंग दराचा. हंगाम पुढे सरकतो तशी बोंडे विरळ होतात, तेवढ्याच वेळात कापूस कमी निघतो, म्हणून वेचणीचा दर वाढतो. नोव्हेंबरच्या मध्यावर तो आठवरून दहा रुपये झाला. सेटिंगमध्ये दर बदलताच सर्व जुन्या आठवड्यांची मजुरी नव्या दराने दिसू लागली. ज्या ३८.५ किलोंचे ३०८ रुपये देऊन झाले होते त्यापुढे ३८५ दिसू लागले आणि ७७ रुपये येणे. मुकादमाने पडदा पाहिला होता. मालक काही दाबून ठेवत आहे का, असा प्रश्न त्याच्या मनात येणे स्वाभाविक होते. वडिलांनी वही उघडून दाखवली आणि त्या संध्याकाळपुरते ते मिटले.

दुरुस्ती सरळ होती: दर सेटिंगमधून उचलून प्रत्येक नोंदीबरोबर साठवायचा, म्हणजे त्या दिवशीचा व्यवहार त्या दिवशीच्याच दराने कायम राहतो. निर्णयाची जागा मात्र दुरुस्तीच्या पद्धतीत होती. डेटाबेसमध्ये नवा रकाना आला की रूमला जुन्या रचनेतून नव्यात कसे जायचे ते सांगावे लागते. तिच्या कोडमध्ये एका धड्यातून उचललेली एक ओळ होती, फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन, जिचा अर्थ रचना जुळली नाही तर जुने सर्व पुसून नव्याने सुरू करा असा होतो. सरावाच्या ॲपला ती ओळ सोयीची असते, हिशेबाच्या ॲपला ती घातक आहे. आईच्या फोनवर बसवण्याआधी तिने आपल्या फोनवर खऱ्या नोंदींची प्रत भरून चाचणी घेतली, यादी रिकामी दिसली आणि ओळ सापडली. मग जुन्या नोंदींना ८०० पैसे हा दर लावणारे योग्य स्थलांतर लिहिले गेले.

वितरणाचा प्रश्न याच सुमारास आला. शेजारच्या दोन शेतकऱ्यांना ॲप हवे होते. प्ले स्टोअरचे खाते एकदाच भरायच्या २५ डॉलरमध्ये मिळते, परंतु नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी ठरावीक संख्येच्या चाचणी वापरकर्त्यांकडून सलग १४ दिवस बंद (फक्त निवडक लोकांपुरती) चाचणी करून घ्यावी लागते. ही संख्या आधी २० होती, डिसेंबर २०२४ मध्ये ती १२ वर आली. हंगामाच्या ऐन मध्यात ते जमवणे शक्य नव्हते, म्हणून त्या दोघांना ॲपची फाइल हातोहात दिली गेली. नोंदी क्लाउडवर ठेवाव्यात अशी सूचना तिच्या वर्गमित्रांनी केली होती. लॉगिन, रेंज आणि मजुरांच्या नावांसह मजुरीची माहिती घराबाहेर जाणे, या तिन्ही कारणांनी तिने ती नाकारली, आणि कॉन्टॅक्ट वाचण्याची परवानगीही काढून टाकली.

परिणाम

जानेवारीअखेर वेचणी संपली तेव्हा आठवड्याचा हिशेब, जो आधी एक अख्खी संध्याकाळ खाई, तो काही मिनिटांत होत होता. वही बंद झाली नाही. आई दोन्हींत लिहीत राहिली आणि माझ्या मते ते योग्यच होते. दोन शेजाऱ्यांपैकी एकाने ॲप शेवटपर्यंत वापरले. दुसऱ्याने आठवड्यात सोडले, कारण त्याने उरलेली वेचणी उक्ती दिली आणि किलोच्या नोंदीची गरजच उरली नाही. परीक्षकांनी ‘एवढेच?’ असे खरोखरच विचारले. तिने पडदा फिरवून, फोनची भाषा बदलून आणि दर बदलून दाखवला. गुण चांगले मिळाले, वर्गातील सर्वोच्च मात्र नव्हते. ते चेहरा ओळखून हजेरी घेणाऱ्या एका प्रकल्पाला गेले, जो सादरीकरणानंतर कोणी चालवल्याचे ऐकिवात नाही.

वेगळे काय करता आले असते

काट्याजवळ बसण्याचा आठवडा पहिल्या आवृत्तीच्या आधी यायला हवा होता. पहिला वेचा सुरू होण्यापूर्वी, सप्टेंबरच्या शेवटी, मागच्या वर्षीची वही पाहिली असती तरी एकाच नावाच्या दोघी, दिवसातून दोन वजने आणि हंगामात बदललेला दर हे तिन्ही तिथेच लिहिलेले सापडले असते. नंतर वही काढून पाहिली, तेव्हा ते सर्व होतेही.

कायमची किल्ली आणि गिट (कोडच्या आवृत्त्या जपणारे साधन) पहिल्या दिवसापासून असते, तर दिवाळीचा घोळ टळला असता. कोडच्या प्रती ‘नवे’, ‘नवे २’ आणि ‘नवे शेवटचे’ अशा फोल्डरांत ठेवलेल्या होत्या. किल्ली गिटमध्ये टाकायची नसते, ती वेगळी जपायची, हेही तेव्हाच शिकून झाले असते. प्ले स्टोअरच्या चाचणीसाठी माणसे आता उन्हाळ्यात जमवण्याचा तिचा विचार होता, परंतु वेचणी नसताना ही माणसे ॲपमध्ये काय नोंदवणार, हा साधा प्रश्न आहे. ती चाचणी ऑक्टोबरमध्ये, पहिल्या वेच्याबरोबरच लावणे शहाणपणाचे ठरेल.

लॅपटॉपवरचा खर्च मी आधी करायला सांगितला नाही, आणि आजही सांगणार नाही. फोन यूएसबीने जोडून, जुन्या लॅपटॉपवर, पहिली आवृत्ती शेतापर्यंत पोहोचली होती. खर्च त्यानंतर झाला, तो कशासाठी हे माहीत असताना.

सर्वांत मोठा बदल मी मुकादमाच्या बाबतीत करीन. प्रत्येक मजुराचे किलो, दर, उचल आणि देणे यांचा आठवड्याचा सारांश चित्ररूपात काढून व्हॉट्सॲपवर पाठवण्याची सोय जानेवारीत झाली, तेव्हा वेचणीचे दोनच आठवडे उरले होते. मुकादमाने ती पहिल्याच आठवड्यात मागितली होती. पण काय आधी करायचे याची यादी मालकाच्या घरात बनत असल्याने ती खाली जात राहिली, आणि दराच्या प्रसंगी मजुरांच्या बाजूने दाखवायला मुकादमाकडे स्वतःची नोंद नव्हती. पुढच्या दसऱ्याच्या आवृत्तीत हा सारांश प्रत्येक हिशेबानंतर आपोआप तयार होईल असे तिने ठरवले आहे, आणि वेचणी सुरू होण्याआधी तो कसा दिसावा हे विचारायला ती मुकादमाबरोबर पाड्यावर जाणार आहे.